एका घरातले दोघं

माझी बायको रोज सकाळी परक्या पुरुषांच्या मांड्यांचे पट्टे ओढून बघते आणि त्याचा तिला पगार मिळतो. हे वाक्य माझं नाही, माझ्या थोरल्या भावाचं आहे. आमच्याच घरी, आमचंच अन्न खाताना त्याने हा टोमणा मारला होता. बायकोने ताटावरून मान वर केली नाही. म्हणाली, "दादा, पट्टा सैल राहिला तर माणूस खाली येतो. तुम्हाला कधी वर जावंसं वाटलं तर सांगा, तुमचाही ओढीन." भावाने पुढचा घास जरा मोठा घेतला आणि हवापाण्यावर बोलायला लागला.

ती पवनचक्क्या दुरुस्त करते आणि मी तिच्या टोळीची गाडी चालवतो. सकाळी सगळ्यांना टॉवरच्या पायथ्याशी सोडायचं, गाडी दूर नेऊन लावायची आणि वायरलेस हातात घेऊन काम संपेपर्यंत बसायचं. गाडी दूर लावायची, कारण वरून साधा पाना निसटला तरी तो छप्पर फोडून सीटमध्ये रुततो. वर बघायचं नाही, हा मात्र माझा स्वतःचा नियम. मला उंचीची भीती वाटते, आणि ती साधीसुधी नाही, हातपाय गळतात. घरात माळ्यावरचं काही काढायचं असलं की मी स्टूल धरतो आणि बायको चढते. पाहुणे हसतात. हसू देत.

तिच्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या मोटारीतली काळी तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार हाताने गुंडाळायची, हे ती शाळेत असल्यापासून करत आली. पुढे लोक जळलेली मोटार फेकून नवी आणायला लागले, दुकान बसलं, आणि त्याच सुमाराला टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जनरेटर कळणारी आणि शिडी चढणारी माणसं हवी होती. ही चाचणीला गेली. तालमीतली पोरं अर्ध्या शिडीवर पांढरीफटक पडून परत येत होती, आणि ही पार माथ्यावर जाऊन वाऱ्यात उभी राहिली. घरी आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "छान. वर कुणी हाक मारत नाही." तेव्हापासून तिला हाक मारायच्या आधी मी जरा विचार करतो.

जाहिरातीत हे काम फार देखणं दिसतं. हिरवी टेकडी, पांढरी पाती, हसरा माणूस. आतलं कोणी दाखवत नाही. लिफ्ट बंद पडली की आतल्या शिडीने चढायचं, आणि ती शिडी गुडघे खाते. पात्यांच्या मागे बसएवढी पेटी असते, तिच्यात उन्हाळ्यात उभं राहवत नाही आणि तेलाचा वास केसांतून जात नाही. एकाचं बोट दातेरी चाकात गेलं. दुसऱ्याच्या तोंडावर विजेचा लोळ उडाला, त्याच्या भुवया अजून नीट आलेल्या नाहीत. आणि पडणं तर आहेच. मला विचाराल तर, स्वच्छ विजेची बिलं भरणाऱ्या प्रत्येकाला एकदा त्या शिडीवर पाठवलं पाहिजे.

टोळीत तिचं नाव आत्याबाई. कारण ती लग्नघरातल्या आत्याबाईसारखी सगळ्यांच्या मागे असते, आणि सगळ्यात जास्त पट्ट्यांच्या. चढायच्या आधी दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हात फैलावायचे, आणि एकमेकांच्या अंगावरच्या हार्नेसचा प्रत्येक पट्टा, प्रत्येक बकल हाताने ओढून बघायचं. खांदे, छाती, कंबर, मांड्या. ओढून झाला की मोठ्याने "बसला" म्हणायचं. बाकीचे हे उरकतात. ही उरकत नाही. तिचा नेहमीचा जोडीदार पैलवान, नावाप्रमाणे आडवातिडवा गडी, पण ती मांडीचा पट्टा ओढते तेव्हा तो चवड्यांवर येतो. "डोळ्यांनीच बघायचं असतं तर फोटो मागवला असता," असं ती म्हणते. पैलवान एकदा लाजून हसला तर त्याला म्हणाली, "हसतोस काय, तुझ्या आईने हेच धरून तुला मोठा केलाय." सगळी टोळी आठवडाभर त्याला छळत होती.

या लोकांचा आणखी एक नियम आहे, जो कुठल्याच नियमावलीत नाही. एका घरातले दोघं एका टॉवरवर चढत नाहीत. भाऊ-भाऊ असोत, बाप-लेक असोत, वेगवेगळ्या टोळ्यांत जातात. मला वाटायचं, काही झालं तर घरातले दोघं एकदम जाऊ नयेत म्हणून असेल. बायको म्हणाली, तेही आहेच, पण खरं कारण वेगळं. घरच्या माणसाला कोणी नीट तपासत नाही. परक्यावर आपला विश्वास नसतो, म्हणून आपण ओढून बघतो.

आमचा जावई याच कामातला आहे. तो पात्यांवर काम करतो, दोराला लटकून पात्यांच्या भेगा बुजवतो. मुलीने त्याला आपणहून पसंत केलं आणि मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, पण माणूस इतका अदबशीर की बरोबर राहणाऱ्याला थकवा यावा. सासूबाई खोलीत आल्या की हा उभा राहतो. सासूबाई पाणी प्यायला उठल्या तरी उभा राहतो. आणि आमची ही, जी अख्ख्या टेकडीवर कोणाशी अरे-तुरेशिवाय बोलत नाही, ती याला "जावईबापू, तुम्ही बसा ना" म्हणते. दारातून आधी कोणी जायचं यावर दोघांचं असं काही चालतं की मी मधून निघून जातो. औषधांच्या दुकानात काम करणारी आमची मुलगी या दोघांना नेहमी हसते. पण लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली होती, आणि ती हसत घातली नव्हती. आई आणि हा, कधीच एका टॉवरवर नाही.

त्या दिवशी पैलवानाची दाढ सुजली. गाल एवढा फुगलेला की हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसेना. आत्याबाईंनी त्याला चढू दिलं नाही आणि दातांच्या डॉक्टरकडे पाठवून दिलं. इकडे टेकडीच्या टोकावरची चक्की बंद पडून होती. माथ्यावर वाऱ्याचा वेग मोजणारं एक छोटं यंत्र असतं, ते बिघडलं की चक्की स्वतःहून थांबते. ते बदलायचं होतं. दुपारनंतर वारा वाढणार होता, म्हणजे मग दोन-चार दिवस तरी कोणी छतावर जाऊ शकलं नसतं. टोळीतल्या बाकीच्यांना मी आधीच पलीकडच्या टेकडीवर सोडलं होतं, आणि कंपनीच्या साहेबांचे फोनवर फोन. आणि गाडीत मागच्या सीटवर जावई बसलेला. हवेत दमटपणा होता, पात्यांचा लेप धरत नव्हता, म्हणून त्याच्या टोळीला काम नव्हतं आणि मी त्याला गोदामापर्यंत सोडणार होतो.

साहेब म्हणाले, तो आहेच ना तिथे. बायको म्हणाली, आम्ही एका घरातले. साहेब म्हणाले, असा नियम मला कुठे लिहिलेला दाखवा. तिला तो दाखवता आला नाही.

जावई हळूच म्हणाला, "आई, तुमची हरकत नसेल तर येतो मी. छोटं काम आहे."

मी आरशातून बायकोकडे बघितलं. "पोरीला काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांगायचं कशाला," ती म्हणाली. "वारा यायच्या आत खाली असू."

मला ते पटलं नव्हतं आणि मी तसं म्हणालोही. पण गाडी चालवणाऱ्याचं कोण ऐकतं. त्यांना पायथ्याशी उतरवलं आणि गाडी नेहमीसारखी दूर नेऊन लावली.

त्यानंतर टॉवरच्या दारात जे झालं ते मला नंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो, कारण पुढचं सगळं ऐकताना ते तुमच्या डोक्यात असलं पाहिजे. दोघं समोरासमोर उभे राहिले. जावयाने हात फैलावले. तिने खांद्यांचे पट्टे ओढले, छातीचा ओढला, कमरेचा ओढला. मग तिचा हात थांबला. जावयाच्या मांडीला सासूने हात कसा लावायचा? पैलवानाला चवड्यांवर उचलणारी बाई तिथे अडखळली. तिने विचारलं, "खालचे बघितलेत ना तुम्ही?" तो म्हणाला, "बघितले, आई." आणि त्याने तर तिचे सगळेच पट्टे नुसते डोळ्यांनी बघितले, तेही नजर खाली ठेवून. तिचे ठीक होते. त्याचं उजव्या मांडीचं बकल अर्धंच आत गेलेलं होतं.

ते लिफ्टने वर गेले. पाती आधीच अडकवून स्थिर केलेली होती. वायरलेसवर तिचा आवाज आला, "पोचलो." मग थोड्या वेळाने, "जावईबापू छतावर जातायत, मी आत छताच्या झडपेशी आहे." मी बरं म्हणालो. गवत एका बाजूला झुकायला लागलं होतं. वारा सांगितल्यापेक्षा लवकर येतोय, एवढं मलाही कळत होतं, म्हणून मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "कळतंय आम्हाला. झालंच आहे."

त्यानंतर वायरलेसवर जो आवाज आला तो मी अजून विसरलेलो नाही. काहीतरी पत्र्यावरून घसरत गेल्याचा, आणि मग दोराला बसलेल्या झटक्याचा.

मी वर बघितलं. किती वर्षांनी बघितलं कोण जाणे. पेटीच्या कडेखाली एक माणूस लोंबकळत होता. नंतर कळलं, छतावर गळक्या तेलाचा पातळ थर होता, त्यावरून त्याचा पाय सरकला होता. पाठीच्या दोराने त्याला धरलं होतं, पण तो सरळ लटकत नव्हता. एका बाजूला कलंडला होता, एक पाय पट्ट्यात अडकलेला आणि दुसरा मोकळा. झटक्यासरशी उजवं बकल सुटलं होतं. छातीचा पट्टा वर सरकून काखेत आणि गळ्याशी आला होता.

हात वर केले तर तो त्यातून खाली निसटला असता. आणि लटकणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? वरचं काहीतरी धरायला हात वर करतो.

"हात खाली." बायकोचा आवाज वायरलेसवर फाटल्यासारखा आला. "हात खाली घे. अंगाशी. दोर धरायला जाऊ नकोस. ऐकतोयस का? हात खाली."

तिच्या वायरलेसचं बटण बहुतेक पट्ट्याखाली दाबलं गेलं होतं. त्यामुळे वरचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता आणि माझा एकही तिला जात नव्हता. मी फोनवरून रुग्णवाहिका मागवली, साहेबांना कळवलं. साहेबांनी टोळीतले बाकीचे निघाल्याचं सांगितलं. पण ते पलीकडच्या टेकडीवरून यायचे होते. तोवर वर जे करायचं ते तिला एकटीला करायचं होतं, आणि झटपट करायचं होतं. हार्नेसमध्ये माणूस हालचाल न करता लटकत राहिला की रक्त पायांत साचतं आणि शुद्ध जाते, हे शिकवणीत ड्रायव्हरलासुद्धा सांगतात. शुद्ध गेली की हात सैल पडणार, खांदे गळणार, आणि अंग त्या पट्ट्यांतून सुटणार. मी गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो.

"मोकळा पाय हलव," ती सांगत होती. "सायकल मारतोस तसा. हां. थांबू नकोस. मी येतेय."

बचावाची पिशवी वर पेटीतच असते. तिच्यात एक यंत्र असतं, ते दोर आपोआप सावकाश सोडतं. तिने ते छताच्या कडीला आणि आपल्या पट्ट्यांना अडकवलं असणार, कारण लगेच तिच्या कमरेला बांधलेल्या दुसऱ्या दोराचं टोक खाली यायला लागलं आणि तिचा आवाज आला, "अहो. दोर खाली येतोय. तो धरा आणि टॉवरपासून लांब चालत जा. आम्ही खाली येताना वारा आम्हाला भिंतीवर आपटेल. तुम्हाला ओढून धरायचंय. अहो, वर बघून ओढावं लागेल. समजतंय ना?"

मी समजलं म्हणालो. तिला ते ऐकू गेलं नाही.

हेल्मेट चढवलं आणि टॉवरखाली गेलो. इतकी वर्षं जिथे गाडीतून खाली पाऊल टाकलं नव्हतं त्या जागी. वाऱ्यावर दोर सापासारखा वळवळत होता, तो दोनदा हातातून गेला. तिसऱ्यांदा मनगटाभोवती वेढा घेतला, जे कधीही करायचं नसतं, आणि मागे मागे चालत गेलो.

वर ती कडेवरून बाहेर आली होती. पेटीच्या बाजूने पाय टेकत उतरत होती. मी बघत होतो. नजर खाली वळवली नाही.

"डोळे मिटू नकोस," तिचा आवाज. "बोलत राहा."

"काय बोलू, आई?" जावयाचा आवाज पार घोगरा झाला होता.

"काहीही. मला शिव्या घाल."

"नाही जमणार."

"मग दुसरं काही बोल. पण गप्प बसायचं नाही."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग तो म्हणाला, "तुम्ही भाजीत मीठ फार घालता."

"काय?"

"फार खारट असते. मी पाणी पिऊन पिऊन खातो."

"लग्नाला एवढे दिवस झाले, बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार, आई."

ती आता त्याच्या बाजूला पोचली होती. तिने त्याच्या मोकळ्या मांडीखालून पट्टा घातला. हे मी डोळ्यांनी बघितलं. एका हाताने ती पेटीच्या कडेला धरून होती, दुसऱ्या हाताने चाचपडत बकल शोधत होती, आणि वारा दोघांनाही फिरवत होता. एकदा बकल हातातून निसटलं. तिने शिवी दिली, ती मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकली. मग टक् असा आवाज वायरलेसवर आला. तिने तो पट्टा ओढला. इतका ओढला की जावई कळवळला.

"बसला," ती म्हणाली, मोठ्याने, टोळीत म्हणतात तसं.

पण अजून संपलं नव्हतं. त्याचं वजन त्याच्या स्वतःच्या दोरावर होतं आणि तो दोर वर छताला बांधलेला. त्याला उचलून तो सोडवणं तिच्या ताकदीबाहेरचं. तिने त्याला एका आखूड पट्टीने आपल्या कमरेला जोडलं आणि पिशवीतली सुरी काढली.

"आता मी तुझा दोर कापणार आहे. वीतभर खाली येशील आणि माझ्यावर लटकशील. घाबरू नकोस."

"मी खूप जड आहे, आई."

"गप्प बस."

तिने कापला. तो खाली आला, दोघांचं मिळून एकच गाठोडं झालं, गर्रकन फिरलं आणि टॉवरकडे झोकांडलं. मी पाय रोवून अंग मागे टाकलं. मनगटातला वेढा कातडीत गेला. ते भिंतीपासून हातभर अंतरावर थांबले, पुन्हा फिरले, पुन्हा झोकांडले. यंत्र आपलं त्याच सावकाश चालीने दोर सोडत होतं, त्याला काय घाई. मी ओरडत होतो की रडत होतो, मला ठाऊक नाही. वर बघत होतो एवढं नक्की. तिची पाठ भिंतीकडे होती. आपटायचीच वेळ आली तर आधी आपली पाठ लागावी, म्हणून तिने मुद्दाम तसं वळवून घेतलं होतं.

अर्ध्या वाटेवर जावयाचं बोलणं बंद झालं. तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांनी त्याच्या अंगाशी दाबून धरले आणि तशीच खाली आली. जमिनीला टेकल्यावरही तिने ते सोडले नाहीत. रुग्णवाहिकेच्या माणसांना तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

तो वाचला. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या, मांडीवर काळानिळा वळ उठला. पाय वाचले. आमची मुलगी दुकानाच्याच कोटात दवाखान्यात धावत आली, नवऱ्याजवळ बसली आणि माझ्याशी बोलली. आईशी बोलली नाही. बायको भिंतीशी उभी होती, तेल लागलेल्या कपड्यांत. तिला कोणी बस म्हणालं नाही आणि ती बसलीही नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे सुरक्षा अधिकारी दवाखान्यात आले. शांत, सभ्य माणूस. त्यांना एवढंच हवं होतं की बकल उघडं कसं राहिलं. आम्ही सगळे खोलीतच होतो. अधिकाऱ्यांनी जावयाला विचारलं, चढायच्या आधी तपासणी झाली होती का?

जावयाने सासूकडे बघितलं नाही. "झाली होती," तो म्हणाला. "आईंनी सगळे पट्टे ओढून बघितले होते. वर गेल्यावर मांडीला रुतत होता, म्हणून मीच सैल केला. चूक माझी आहे."

तो किती सहज बोलला. अधिकाऱ्यांनी मान हलवली. त्यांनाही ते सोयीचं होतं. चूक एकाची, तो आधीच पलंगावर पडलेला, आणि सासूबाईंनी तर जीव वाचवला. ते उठायला लागले. मी मनात म्हणालो, चला, सुटलो. खोटं सांगत नाही, तसंच म्हणालो.

"खोटं बोलतोय तो," बायको म्हणाली.

अधिकारी थांबले. जावई म्हणाला, "आई, राहू द्या ना."

"नाही राहू देत. मी मांडीचे पट्टे तपासले नाहीत. याला विचारलं आणि चढले."

अधिकारी परत खुर्चीत बसले. म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही? तुमचं नाव सांगून आम्ही नव्या लोकांना तपासणी शिकवतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे मी वर सांगितलं तर तुमचं चढणं बंद होईल. कदाचित कायमचं."

"होऊ दे."

"पण का नाही तपासलंत?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. मी तिला इतकी वर्षं ओळखतो. माथ्यावर उभी राहताना तिचा चेहरा असा कधी झाला नसेल.

"जावई आहे म्हणून," ती म्हणाली. "मांडीला हात लावायची लाज वाटली. पट्टा नीट लागला नाही असं यालाही वाटलं असेल, पण सासूसमोर कमरेखाली हात घालून नीट करायचा संकोच वाटला असेल. आणि आत्ता खोटं बोलतोय तेही त्याच अदबीने."

जावयाने डोळे मिटले. ते खरं होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मुलगी उठून उभी राहिली. तिचा हात नवऱ्याच्या चादरीवरच होता. कालपासून ती पहिल्यांदा आईशी बोलली.

"म्हणजे तुला लाज वाटली आणि याला संकोच वाटला," ती म्हणाली. "आणि तुमच्या त्या मानपानात मी विधवा झाले असते."

"अगं, असं बोलू नये," मी म्हणालो.

"बोलू दे तिला," बायको म्हणाली. ती भिंतीपासून पुढे आली आणि मुलीच्या समोर उभी राहिली.

"हो," ती म्हणाली. "झाली असतीस."